व्हय म्हाराजा म्हणणारी

कोर्ट हसलं. टायपिंग करणारा हसला, मागच्या बाकावरचे वकील हसले, दारातला शिपाईसुद्धा. मी साक्षीच्या पिंजऱ्यात. चपला बाहेर काढून आलेली.

समोरचा वकील खणखणीत आवाजात म्हणाला होता, "ही वाट मालकांच्या खाजगी जमिनीतून जाते."

"व्हय म्हाराजा."

"तुम्हाला जाऊ दिलं, ती त्यांची मेहेरबानी."

"व्हय म्हाराजा."

जज्जसाहेबांनी टेबल वाजवलं. हसणं थांबलं. पण माझं बोलणं टाईप झालं होतं. वेळ संपली, पुढची तारीख पडली. मला लाजही वाटली नाही. काहीच वाटलं नाही.

आमच्या देवळात देवाला गाऱ्हाणं घालताना मानकरी असंच मोठ्याने एकेक वाक्य म्हणतो आणि गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. गावाच्या टोकाची आमची वाडी पायऱ्यांखाली उभी राहून म्हणते. वर चढायचं नाही, हा आमचा मान! आतलं नीट ऐकूही येत नाही. आवाज थांबला की म्हणायचं. जन्मभर तेच केलं. त्या वकिलाचा आवाज थांबला आणि माझं तोंड उघडलं. शिरा पडली माझ्या तोंडार!

वाट अडवली ती त्याच मानकऱ्याने. पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आणि आमच्या खाडीकडच्या वाटेवर गेट घातलं. मी खाडीतल्या शिंपल्या, तिसऱ्या, काढून विकते. खाडी बंद म्हणजे चूल बंद. मसणाची वाटही तीच; सासू गेली तेव्हाही कुलूप काढलं नाही. मयत बांधावरून, चिखलातून नेलं. खांदेकरी घसरत होते. म्हणून मी दावा लावला. एकटीने. वकील परवडत नव्हता.

त्या हसण्याच्या दिवशी शिपाई बाहेर म्हणाला, "गो बाये, हसा कित्याक करून घेतस? फुकटचो वकील गावता, तो तरी घे."

कोर्टातच विधी सेवेची खोली होती. मला कुणी सांगितलं नव्हतं. तिथली तरुण वकीलबाई हसली नाही.

"काकी, ता गाऱ्हाणा न्हय. तो खोटा बोललो तर नाय म्हणाचा. म्हण बघू."

जीभ वळेना. खरंच वळेना. ह्या वयात दार लावून 'नाय' म्हणायला शिकले.

पुढच्या तारखेला चपला घालून पिंजऱ्यात चढले. वकीलबाई बाजूला उभी.

"मागच्या तारखेला तुम्ही कबूल केलंत, वाट मालकांची आहे."

"नाय."

"मग हो का म्हणालात?"

"तुमचो आवाज थांबलो म्हणान. देवळाखाली आमका तेवढाच शिकवल्यानी."

कुणी हसलं नाही. मला आनंदही झाला नाही. तो 'व्हय' कागदावर आहेच. तो नडू शकतो, असं वकीलबाई म्हणते. निकाल बाकी आहे. गेटला कुलूप आहे.

यंदा जत्रेत मी पायरीला चिकटून कान दिला. मानकऱ्याने गाऱ्हाणं घातलं, "गाव एकदिलान नांदता, तसोच नांदव, बा म्हाराजा." वाडी ओरडली. मी तोंड मिटून उभी.

जाऊ कोपराने डिवचत होती, "म्हण गो!"

म्हटलं नाही. आता आधी ऐकणार. खोटं असेल तर देवासमोरही 'नाय' म्हणणार.