रिकाम्या चिमटीचा भंडारा

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार बिराप्पाआण्णांचे आहेत. ते जत तालुक्यातले मेंढपाळ, अक्षरओळख नसलेले. आमची भेट तुरुंगात झाली.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. वडील लोणंदच्या बाजारात हमाली करायचे. मला सांगलीकडं कारखान्यात नोकरी लागली आणि वर्षभरातच एका मारामारीत माझं नाव आलं. मी तिथं होतो, पण हात उचलला नव्हता. जामीन झाला नाही, मी कच्चा कैदी झालो. आईनं भेटीला आणलेली भंडाऱ्याची पुडी झडतीत बाहेरच राहिली. त्या दिवसापासून मी देवाचं नाव सोडलं. मग जेवण सुटलं, झोप गेली. आई भेटीला आली, माझं नाव पुकारलं, तरी मी उठलो नाही. आपण नसलो तर तिची फरफट तरी थांबेल, असा विचार मनात ठाण मांडून बसला. कुणाला सांगावं, तर बराकीत ‘येडा’ म्हणून हिणवतील याची लाज मरणाहून मोठी वाटायची. एका दुपारी भिंतीकडं तोंड करून मी एवढंच म्हणालो, ‘देवा, असशील तर कुणाला तरी पाठव.’

त्याच संध्याकाळी, छत गळतं म्हणून शेजारच्या बराकीतली माणसं आमच्याकडं आणली. एका म्हाताऱ्यानं माझ्याशेजारी कांबळं अंथरलं. तेच आण्णा. त्यांनी काही विचारलं नाही, नुसते जवळ बसून राहिले. सकाळी उठले की रिकामी चिमूट कपाळाला लावायचे, “बिरोबाच्या नावानं चांगभलं!” मग तीच माझ्या कपाळाला. पाचव्या दिवशी मी चिडलो, “आण्णा, चिमटीत भंडारा तरी आहे का?”

“न्हाई. पर कपाळ हाय का न्हाई?”

मला हसू आलं आणि हसता हसता रडू फुटलं. मी सगळं सांगितलं, मरणाचा विचारसुद्धा. ते म्हणाले, “मागं राहिल्यालं मेंढरू हाणून उठत न्हाई रं. त्याच्याजवळ बसायचं. पर औषध डॉक्टरचंच.”

मनाचे डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे. शिपायानं नावं विचारली तेव्हा माझी जीभ उचलेना. आण्णाच ओरडले, “आमची दोघांची लिवा!”

“म्हातारं बी येडं झालं!” कुणीतरी खिदळलं.

“व्हय गड्या. तुजं बी लिवू का? जागा हाय.”

मला वाटलं, हे सोंग माझ्यासाठी आहे. पण डॉक्टरांसमोर आण्णा हळूच म्हणाले, “सायेब, मेंढरामागं उघड्यावर बी झोप लागायची. हितं आल्यापास्नं डोळा न्हाई लागला. ह्ये पोरगं हाय म्हणून दिस निघतोय.” माझी मान खाली गेली. इतके दिवस मी त्यांना विचारलंच नव्हतं.

गोळ्या सुरू झाल्या, डॉक्टरांशी बोलणं सुरू झालं. पुढच्या वेळी आई आली तेव्हा मी उठलो. काही महिन्यांनी जामिनावर सुटलो. त्या दुपारी देवानं ऐकलं की छत आपसूक गळलं, हे मी ठरवत बसत नाही. मी हाक मारली आणि माणूस आला. शरण जाणं म्हणजे सगळं आपणच पेललं पाहिजे हा हट्ट सोडणं, एवढंच मला कळलं. आण्णा आतच राहिले. बाहेर आल्यावर मी त्यांना हे पत्र पाठवलं:

तीर्थस्वरूप आण्णांना साष्टांग नमस्कार.

मी गोळ्या वेळेवर घेतो. जेवतो. आईनं भंडारा लावला तरी आधी रिकामी चिमूट लावून घेतो, ती हसते. तुम्हाला झोप लागते का? डॉक्टरांकडं नाव देणं सोडू नका. कुणी हसलं तर माझं नाव सांगा. पुढच्या भेटीच्या दिवशी मी येतोय.

हे पत्र वाचून दाखवणाऱ्या भावा, तुझं नाव मला माहीत नाही. वाचून झालं की लगेच उठू नकोस. आण्णांजवळ थोडा वेळ बस.