औषध की पाणी

तिकिटाच्या मशीनचं बटण दाबायला काही ताकद लागत नाही. तरी त्या वर्षी सकाळच्या पहिल्या फेरीला मला ते बोटानं दाबता येईना. मूठ अर्धवट वळून मी बोटाच्या सांध्यानं दाबायचे, आणि घंटीची दोरी ओढायला त्यात मनगट अडकवायचे. भोर आगारात वाहक म्हणून लागून मला बरीच वर्षं झाली होती. कंडक्टरचं काम तोंडाचं आणि पायांचं, असंच मी तोवर समजत होते. ते सगळं हाताचं आहे हे हात आखडल्यावर कळलं.

भोरच्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात सांध्यांच्या आजारांचा वेगळा विभाग होता. डॉक्टरबाई वयानं माझ्याहून लहान. त्यांनी माझा एकेक सांधा दोन बोटांत धरून दाबला, रक्त तपासलं आणि सांगितलं, "आमवात आहे. बाहेरच्या जंतूंशी लढायला शरीर पहारेकरी ठेवतं. तुमच्या पहारेकऱ्यांना आपलं कोण आणि परकं कोण ते कळेना झालंय. ते तुमच्याच सांध्यांवर तुटून पडतायत."

"म्हणजे आगाराच्या गेटवर वॉचमननं आपल्याच गाडीवर दगड मारायचे," मी म्हणाले.

त्या हसल्या. म्हणाल्या, "अगदी तसंच. आणि वॉचमनला काढून टाकता येत नाही, कारण चोर खरोखर येतात. त्याला फक्त थोडं शांत करायचं."

आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी सुरू झाली. मी ती घ्यायचे, विसरायचे, परत घ्यायचे. घरी नवरा म्हणायचा, कामाची ड्युटी चुकत नाही आणि गोळीची बरी चुकते.

अशातच वेल्ह्याच्या गाडीवर मला मावशी भेटल्या. मार्गासनीला चढल्या, पालीच्या अलीकडच्या एका वस्तीवरच्या. पन्नाशी ओलांडलेली. पदराच्या गाठीत पैसे बांधलेले आणि गाठ काही सुटेना. मागून लोक पुढं सरकायला बघत होते. मी त्यांच्या हाताकडं पाहिलं. मधले सांधे फुगलेले, बोटं करंगळीच्या बाजूला कललेली. मी माझा हात त्यांच्या हाताशेजारी धरला.

त्यांनी दोन्ही हात निरखून बघितले. मग विचारलं, "तुमालाबी?"

"व्हय."

"घरचे म्हनत्यात वय झालं म्हनून व्हतंय."

"माझं कुठं झालंय वय?"

त्या गाडी सुटेपर्यंत माझ्याकडं बघत राहिल्या. गाठ शेवटी शेजारच्या बाईनं सोडली. उतरताना मी त्यांना दवाखान्याचा वार सांगितला. पुढच्या वेळी मी रजा टाकून पुण्याला निघाले तर नसरापूर फाट्यावर मावशी मुलाबरोबर उभ्या होत्या. मुलाला टेम्पो घेऊन परत जायचं होतं. त्यानं आईला माझ्या हवाली केलं आणि तिथून पुढं आम्ही दोघी कायमच्या जोडीनं जायला लागलो.

मावशींनाही आमवातच निघाला आणि तीच गोळी सुरू झाली, पण आमच्या दोघींच्या आजारानं गोळ्यांना फारशी दाद दिली नव्हती. त्या वेळी दवाखान्यात एका नव्या इंजेक्शनचा अभ्यास सुरू होणार होता. डॉक्टरबाईंनी आम्हाला समोर बसवलं आणि काहीही न लपवता सांगितलं. जुनी गोळी सगळ्यांनी चालूच ठेवायची. त्यावर अर्ध्या लोकांना नवं औषध टोचायचं आणि अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. दोन्हींच्या सुया सारख्या, रंग सारखा. कुणाला काय मिळतंय ते आम्हाला कळणार नाही, टोचणाऱ्या सिस्टरला कळणार नाही आणि त्यांना स्वतःलाही कळणार नाही. पहिला टप्पा संपला की सगळ्यांना खरं औषध. धोकेही सांगितले. पहारेकरी शांत केले की जंतू शिरू शकतात, म्हणून आधी छातीचा फोटो, रक्ताच्या तपासण्या, आणि ताप आला तर लगेच फोन. नको वाटलं तर कधीही बाहेर पडायचं, उपचार थांबणार नाहीत.

मावशींनी विचारलं, "मग कुनाला काय द्याचं ते ठरवतं कोन?"

"कॉम्प्युटर. चिठ्ठी टाकल्यासारखं."

"देवाला कौल लावत्यात तसं म्हना की."

"तसंच. फक्त हा कौल कुणालाच दिसत नाही."

मला आठवतंय, माझ्या अंगावर काटा आला होता. भीतीचा नव्हे. शाळेत असताना मला विज्ञानाचे प्रयोग फार आवडायचे, पण आमच्या शाळेत ते गुरुजी फळ्यावर काढून दाखवायचे. आता मी स्वतः एका प्रयोगाच्या आत शिरणार होते. या आजाराला नवं औषध कसं सापडतं, तर असं, माझ्यासारख्या बायकांच्या दंडात टोचून आणि त्यांची बोटं मोजून, हे मला तोवर माहीतच नव्हतं. मी घरी एकदा बोलून घेतलं आणि पुढच्या खेपेला सही केली. मावशींना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांची संमती व्हिडिओवर घेतली. कॅमेरा बघितल्यावर त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, कुंकू चाचपलं आणि लग्नाच्या फोटोला बसावं तशा ताठ बसून म्हणाल्या, "मला समदं सांगितलंय. पानी मिळालं तरी माजी तक्रार न्हाई."

इंजेक्शनं सुरू झाली आणि आमचा प्रवासच बदलला. मी रोज गाडीतच असते, पण प्रवासी म्हणून खिडकीशी बसून जायची मजा वेगळी. आम्ही दुसऱ्यांच्या गाडीत मागच्या बाकावर बसायचो आणि एकमेकींची तपासणी करायचो. मावशी माझी दोन बोटं धरून दाबायच्या, मी त्यांची. डॉक्टरबाईंकडं याचंच यंत्र होतं. ब्लडप्रेशरचा पट्टा थोडा फुगवून हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, आवळा. काटा वर सरकायचा. मावशींना ते इतकं आवडलं की आपली पाळी झाल्यावरही त्या आत रेंगाळायच्या, माझा काटा कुठवर जातो ते बघायला.

पहिल्यांदा फरक पडला तो त्यांना. एका खेपेला फाट्यावर भेटल्या त्याच सांगत, "बाई, आज म्या सोताच्या हातानं येणी घातली." पाठ वळवून दाखवली. वेणी वाकडी होती, सैल होती, पण होती. सून घालायची ती घट्ट आणि सरळ असायची. रस्ताभर त्यांनी चारदा तिच्यावरून हात फिरवला.

पुढच्या काही आठवड्यांत मलाही जाणवायला लागलं. सकाळचा आखडलेपणा आधी दुपारपर्यंत राहायचा, तो पहिल्या फेरीतच उतरायला लागला. एक दिवस कापूरहोळला गाडी थांबली, माणसं चढली आणि मी दोरी ओढून डबल बेल दिली. ड्रायव्हरनं आरशातून मागं बघितलं. कारण बेल मनगटानं दिलेली नव्हती. बोटांनी दिलेली, खणखणीत होती. पुढच्या थांब्यावर तो मुद्दाम वाट बघत बसला, मी परत देते का ते बघायला. मी दिली. त्या दिवशी गरज नसताना कितीदा दोरी ओढली असेन देव जाणे.

आता आम्हा दोघींची खात्रीच झाली. आम्हाला दोघींनाही औषधच मिळत होतं. पाणी बिचारं दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला गेलं होतं. रांगेत बसलेल्या इतर बायकांकडं आम्ही जरा कणवेनं बघायचो.

भात लावणीच्या दिवसांत माझ्या साप्ताहिक सुट्टीला मी मावशींच्या शेतावर गेले. त्यांनीच बोलावलं होतं. राजगड ढगात बुडालेला, खाचरं तुडुंब, आणि बायकांच्या ओळीत कमरेत वाकलेल्या मावशी. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताची तीन बोटं चिखलात जात होती, रोप रोवून बाहेर येत होती. गेली दोन वर्षं त्या बांधावर बसून बायकांना चहा द्यायच्या, एवढंच. मी बांधावर उभी राहून ती बोटं बघत होते. त्यांनी मान वर केली आणि ओरडल्या, "बघत काय बसलाय, या की."

मी साडी खोचली आणि उतरले. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत, भोर शहरात वाढलेली मी, लावणी जन्मात केली नव्हती. माझी ओळ नागमोडी झाली. बायका हसून हसून बेजार झाल्या. पण माझ्या बोटांनी रोप धरलं, रोवलं, सोडलं. दुसऱ्या दिवशी कंबर धरली, बोटं मात्र नाही.

पहिला टप्पा संपला, सगळ्यांना खरं औषध सुरू झालं. त्यात मध्येच मावशींना नागीण उठली, कमरेपासून पोटापर्यंत. कुणी लेप लावायला सांगत होतं. त्यांनी मला फोन केला, मी डॉक्टरबाईंना. त्यांनी इंजेक्शन थांबवलं, नागिणीच्या गोळ्या दिल्या, आणि फोड पूर्ण सुकेपर्यंत सुरू करू दिलं नाही. त्या मधल्या काळात सांधे परत फुगायला लागले. मावशी घाबरल्या नाहीत. चिडल्या. "एवडं बरं झालेलं परत कशाला जावं," म्हणायच्या. पुन्हा औषध सुरू झालं तेव्हा कुठं त्यांचा चेहरा खुलला.

अभ्यास सगळीकडचा संपल्यावर कुणाला काय होतं ते सांगायचं ठरलेलं होतं. त्याला बराच काळ गेला. बोलावणं आलं त्या दिवशी मी सकाळपासून दोनदा चप्पल घालून दारात गेले आणि गाडीला वेळ आहे म्हणून परत आले. दहावीच्या निकालालाही असं झालं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी दोघींना एकत्रच बसवलं, आमच्या परवानगीनं. मावशींकडं बघून म्हणाल्या, "तुम्हाला पहिल्यापासून औषध होतं."

मावशींनी मान डोलावली. त्यांना ते माहीतच होतं.

"आणि तुम्हाला," माझ्याकडं वळून, "पहिल्या टप्प्यात पाणी."

मला वाटलं त्यांची काही चूक झाली. मी त्यांना डबल बेल सांगितली, लावणी सांगितली. "पाण्यानं लावणी केली मी?"

"पाण्यानं नाही. त्या काळात तुम्ही जुनी गोळी एकदाही चुकवली नाहीत, आम्ही विचारत होतो म्हणून. आम्ही सांगितलेला बोटांचा व्यायाम केलात. हा आजार आपला आपणही थोडा चढतो, उतरतो. आणि बरं होणार या आशेचाही भाग असतो. यातलं नेमकं कशानं किती, ते एका माणसावरून सांगता येत नाही." मग त्यांनी माझा आलेख स्क्रीनवर दाखवला. सुजेची रेघ पहिल्या टप्प्यात थोडी उतरली होती, आणि दुसऱ्या टप्प्यात, खरं औषध सुरू झाल्यावर, उतारावरची गाडी सुटावी तशी खाली गेली होती. "सगळ्यांना औषधच दिलं असतं, तर तुमचा हा पहिला उतारही आम्ही औषधाच्याच नावावर मांडला असता. पाणीवाले किती सुधारले ते कळलं, म्हणून त्यांच्यापेक्षा औषधवाले किती जास्त सुधारले ते कळलं."

मी त्या रेघेकडं बघत बसले. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण छातीत काहीतरी उसळत होतं. इतकी वर्षं मी औषध म्हणजे कुठून तरी तयार होऊन येणारी वस्तू समजत होते. ते खरं आहे की नाही हे ठरवायला माझी बोटं कामी आली होती, आणि तीही औषध न मिळाल्यामुळं.

मावशी पुढं वाकून ती रेघ निरखत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजी ह्या बाईंनी पानी घेतलं, म्हनून माजं औषद खरं ठरलं?"

"तुमच्या दोघींसारख्या पुष्कळांमुळं. पण हो, असंच."

परतीच्या गाडीत मी सारखी बोलत होते. ज्याची ड्युटी होती तो कंडक्टर आमच्याच आगाराचा. त्याला सांगितलं, पुढच्या बाकावरच्या कॉलेजच्या मुलींना सांगितलं. त्यातल्या एकीनं मोबाईल काढून मला असे अभ्यास कुठं कुठं चालतात ते वाचून दाखवलं. त्वचेचे, मूत्रपिंडाचे, मणक्याचे, सगळे असे आपल्याच शरीरावर उलटणारे आजार. मी ऐकत होते आणि मध्येच प्रश्न विचारत होते. तिला येत नव्हतं ते ती परत शोधत होती.

मावशींनी माझा हात आपल्या मांडीवर घेतला होता. खेड शिवापूरच्या पुढं त्या म्हणाल्या, "परत असलं काय निगालं तर सांगा. तवा पान्याची पाळी माजी."

मी म्हणाले, "ते कॉम्प्युटर ठरवतं, मावशी."

"त्याला सांगून बघू," त्या म्हणाल्या.

फाट्यावर मीही मावशींबरोबर उतरले आणि आम्ही उभ्यानं चहा घेतला. मावशींची जीप भरत आली होती. चहाचा ग्लास ठेवून त्यांनी पदराच्या गाठीतून पैसे काढले, मला देऊ न देता दिले आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. मी भोरची गाडी येईपर्यंत तिथंच उभी होते. गाडी आली, भरलेली. आत शिरल्यावर ओळखीचा ड्रायव्हर म्हणाला, "आज सुट्टी ना? मग एवढी खूश कशानं?" मी त्याच्यामागच्या दांडीला धरून उभी राहिले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.