वकिलाच्या वाट्याचा बांध

वकीलसाहेब गेल्याची बातमी मला बांधावर कळली. ठाण्याहून सायकलीनं आलेल्या माणसानं खालूनच ओरडून सांगितलं, आपले खासदार काल डोंबिवलीला राहत्या घरी वारले. मी बरं म्हटलं आणि हातातलं काम पुरं केलं. भरती कुणासाठी थांबत नाही. काम संपल्यावर खाली बसलो तो मात्र दिवस बुडेपर्यंत तिथंच... त्याला आता महिना होत आला. पेपरात शिकलेल्या लोकांनी त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं, त्यांची भाषणं, त्यांचं कायद्याचं ज्ञान. मी जेमतेम चार बुकं शिकलेलो. पण मला जे ठाऊक आहे ते त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

आमचं गाव कोलशेतच्या पुढं, खाडीला लागून. भाताची शेतं आणि खाडीचं पाणी यांच्या मधे मातीचा बांध, त्याच्यावर गाव जगतं. निवडणुकीत वकीलसाहेब मतं मागायला आले तेव्हा म्हणाले, "मला तुमच्यातलंच एक घर समजा." असं सगळेच म्हणतात. पण आमच्यात घर म्हणजे काय हे त्यांना माहीत नव्हतं. बांधाचं काम निघालं की घरटी एक माणूस यावा लागतो. हाळी द्यायचं काम माझं. मी एकेका घराचं नाव पुकारायचं आणि त्या घराच्या माणसानं 'आहे' म्हणायचं. ज्या घराचा आवाज आला नाही, त्याला गावात वर मान करून बोलता येत नाही.

साहेब निवडून आले, दिल्लीला गेले, आणि त्याच श्रावणातल्या उधाणात बांध फुटला. मोठी खांड पडली. खारं पाणी शेतात शिरलं आणि उभं भात जळालं. पुढच्या पावसाआधी खांड बुजली नाही तर दुसरं वर्षही जाणार, आणि मग ती जमीन किती वर्षांनी गोडी होईल कोण सांगणार. सरकारी माणसं येऊन मापं घेऊन गेली, पुढं काही हललं नाही.

साहेब अधिवेशनातूनही जमेल तसे यायचे. शनिवारी रात्री मेल गाडीनं कल्याणला उतरायचे, रविवारी सकाळी आमच्याकडं. एकदा म्हातारा गोमा, माझा चुलता, त्यांना म्हणाला, "वकील, तिकडं आठवडाभर करता तरी काय?"

"सकाळी प्रश्न, दुपारी भाषणं, संध्याकाळी तुमच्या पत्रांना उत्तरं."

"भाषणं तुमची का?"

"नाही हो काका, बहुतेक दुसऱ्यांची. मी ऐकतो."

"मग आमच्यासारखंच की. आमीबी तुमचं ऐकतोच."

सगळे हसले, साहेबही हसले. मी हसलो नाही. मी विचारलं, "खांडीचं काय?" ते म्हणाले, प्रश्न लिहून दिलाय, नंबर लागला की सभागृहात उत्तर मिळेल.

नंबर लागला. पण नेमका त्याच दिवशी, ज्या दिवशी आम्ही खांड बुजवायची ठरवली होती. भरती कमी चढते ते दिवस चंद्र ठरवतो, आम्ही नाही. मी साहेबांना सांगितलं, "तुमी गावचं घर. त्या दिवशी तुमचा आवाज पायजे." त्यांनी डायरी काढून तारीख पुन्हा पाहिली. मग म्हणाले, "तात्या, नंबर पुन्हा कधी लागेल सांगता येत नाही. मला जावंच लागेल." मी म्हटलं, जावा.

त्या दिवशी ओहोटीला मी नावं पुकारली. शेवटी मुद्दाम पुकारलं, "वकिलाचं घर." पोरं खिदळायला लागली. तेवढ्यात मागून बाईमाणसाचा आवाज आला, "आहे."

नऊवारीचा काचा मारलेल्या वकिलीणबाई. पहिल्या गाडीनं ठाण्याला येऊन, तिथून पायी आलेल्या.

मी म्हटलं, "बाई, हे तुमचं काम नाय."

"घरात दोनच माणसं, तात्या. एक दिल्लीला गेलंय, दुसरं आलंय. रीतीत बसत नसेल तर सांगा, परत जाते."

रीतीत बसत होतं. मी त्यांना रांगेत उभं केलं. चिखलाच्या ढेपा हातोहात पुढं जात होत्या. त्यांच्या हातून दोन निसटल्या, तेव्हा गोमाची सून म्हणाली, "पोटाशी धरा वो वहिनी, पोर धरल्यागत." मग एकही निसटली नाही. पाणी चढायच्या आत खांड बुजली. त्या दिवसापासून त्या गावाच्या वहिनी झाल्या.

पुढच्या रविवारी साहेब आले. सगळे बसलेले, ते उभेच राहिले. म्हणाले, "मंत्र्यांनी सांगितलं, हा विषय राज्य सरकारचा आहे. मी रिकाम्या हातानं आलोय." तोंड अगदी उतरलं होतं.

मी म्हटलं, "बसा. तुमचं घर आधीच येऊन गेलंय."

ते बसले. जरा वेळानं हळूच विचारलं, "मग माझा वाटा कुठला?" आमच्यात प्रत्येक घराला बांधाचा एक तुकडा सांभाळायला असतो. गावानं त्यांना बुजवलेल्या खांडीवरचाच तुकडा दिला. तेव्हापासून दर उन्हाळ्यात ते धोतर खोचून तिथं चिखल लावायचे. शहाडपासून माणसं गाऱ्हाणी घेऊन तिथंच यायची. हात चिखलाचे, म्हणून साहेब म्हणायचे, "अर्ज तात्यांच्या टोपीत ठेवा." संध्याकाळी माझी टोपी सरकारी कचेरीसारखी फुगलेली असायची.

यंदा काम निघालं तेव्हा पोरं म्हणाली, वकिलाचा तुकडा आता आपल्यात वाटून घेऊ. मी म्हटलं, आधी हाळी होऊ दे. पुकारलं. वहिनी पांढऱ्या लुगड्यात मागं उभ्या होत्या. म्हणाल्या, "आहे."

त्या ढेपा देत गेल्या, मी लावत गेलो. साहेबांच्या वाट्याचा बांध वाकडा आहे, खाडीच्या बाजूला पोट सुटल्यासारखा. दर वर्षी मी दोरी धरून सरळ करायला सांगायचो आणि ते म्हणायचे, "पाणी अडतंय ना तात्या?" अडतंय. यंदाही दोरी कमरेला होती... मी ती सोडली नाही. जसा त्यांनी घातला होता, तसाच वाकडा लिंपून घेतला.