फाटकाशी थांबलेला उजेड

वसूदादाला मी शेवटचं पाहिलं ते माझ्याच फाटकाबाहेर. खरं सांगायचं तर त्याला पाहिलंच नाही, त्याच्या सायकलचा दिवा पाहिला. दुर्गापुऱ्यातल्या आमच्या गल्लीतला खांबावरचा दिवा गेलाय त्याला आता किती महिने झाले, मोजणंही सोडून दिलंय. मी एकटी राहते. दाराचं कुलूप जुनं आहे, किल्ली सहजासहजी बसत नाही. संध्याकाळची आमची सायकलफेरी संपली की दादा फाटकाशी एक पाय दगडावर टेकून थांबायचा आणि हँडल जरासं वळवून कुलपावर उजेड धरायचा. "मी काय लहान मुलगी आहे?" असं मी रोज फणकारायची. "तू लहान नाहीस गं नीला, पण कुलूप म्हातारं झालंय," हे त्याचं ठरलेलं उत्तर. मी आत जायची, व्हरांड्याचं बटण दाबायची आणि तिथूनच ओरडायची, "पोचले रे दादा. जा आता." मग तो उजेड वळायचा आणि प्रताप नगरला, त्याच्या घराकडे निघून जायचा. त्याची आई, म्हणजे माझी मावशी, हे ऐकायला असती तर तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला असता. आपल्याकडे निघणाऱ्याला कुणी 'जा' म्हणत नाही, 'ये' म्हणतात. निघणाराही 'येतो' म्हणूनच उंबरा ओलांडतो. जन्म जयपुरात गेला, हिंदीत बोलता बोलता या गोष्टी जिभेवरून उतरल्या. त्या संध्याकाळीही मी नेहमीसारखंच म्हटलं आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या मुलीचा, ईशाचा फोन आला. "आत्या, बाबा… मतलब, जेवून झोपले होते ना, ते उठतच नाहीयेत." मी पोचले तेव्हा तो डाव्या कुशीवर, उशीखाली हात घालून, अगदी नीटनेटका पडलेला होता.

वसूदादा माझा मावसभाऊ. मिरजेहून इथल्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला आला, आणि काही वर्षांनी मला शेतकी संशोधनात नोकरी लागली तेव्हा त्याच्याच भरवशावर घरच्यांनी मला इतक्या लांब धाडलं. मी पिकांवरच्या बुरशीचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलं. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसतं तेवढंच खरं मानायचं, ही माझी सवय आणि माझा ताठाही. दादा म्हणायचा, "तुला भूत दिसलं तरी तू आधी त्याचा नमुना काचपट्टीवर घेशील." हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं जे लिहिणार आहे ते लिहिताना माझा मलाच भरवसा वाटत नाही.

निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी सायकली घेतल्या आणि प्रश्न आला दिव्यांचा. मला वाटलं होतं, दुकानात जायचं, दिवा घ्यायचा, हँडलला बांधायचा आणि घरी यायचं. पण दादाबरोबर साधी सुई घ्यायला गेलं तरी दिवस जायचा. जयपुरातल्याच सोडाला भागातल्या एका दुकानात त्यानं असतील नसतील तेवढे दिवे काउंटरवर मांडायला लावले, शटर अर्धं खाली ओढून घेतलं आणि एकेक दिवा समोरच्या भिंतीवर पाडून बघत बसला. दुकानदार शेवटी कंटाळून म्हणाला, "सर, ये वाली ले जाओ. ऐसी तेज़ है कि सामने वाला अंधा हो जाएगा." दादानं दिवा शांतपणे परत ठेवला. "इसीलिए नहीं चाहिए, भैया." त्याचं म्हणणं असं की उजेडाला काठ असावा. वरून कापलेला, खाली रस्त्यावर पसरलेला. दुसऱ्याच्या डोळ्यांत घुसतो तो उजेड नव्हे, आगाऊपणा. मग व्हायचं तेच झालं. त्यानं स्वतःच दिवे करायला घेतले. मालतीवहिनींच्या मिसळणाच्या डब्यातल्या दोन वाट्या एका दुपारी गायब झाल्या. मोहरीच्या वाटीचा त्याचा दिवा झाला आणि हळदीच्या वाटीचा माझा. आत जुन्या लॅपटॉपचे सेल, पुढे भिंग, वर तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेली झापड आणि हँडलवर बसवायला टायरच्या ट्यूबची पट्टी. वहिनी अजून हळद वाटीऐवजी बाटलीच्या झाकणात ठेवतात.

त्या दिव्यांची एक खोड होती. बटण बंद केलं तरी ते फटकन जायचे नाहीत, हळूहळू मंद होत, विचार करत असल्यासारखे निवायचे. मी विचारलं, हे कशाला? तो म्हणाला, "दिवा एकदम घालवू नये. शांत करावा." तेव्हा मला मिरज आठवली. त्याचे वडील गेले तेव्हा मी सुट्टीत मावशीकडेच होते. जिथे माणूस गेला तिथे आपल्याकडे दहा दिवस दक्षिणेकडे वात करून दिवा ठेवतात, तसा ठेवलेला होता. एका संध्याकाळी खिडकी उघडी राहिली, वारा आला आणि दिवा गेला. किती वेळ गेलेला होता कुणालाच ठाऊक नव्हतं. लगेच पुन्हा लावला, पण मावशीच्या मनात काही तो पुन्हा लागला नाही. त्यानंतर हयातभर ती दिवेलागणीला एकच विचारायची, "त्यांना पुढची वाट दिसली असेल का गं?" पोरवयात वसूदादा हे रोज ऐकायचा. पुढे त्यानं विद्यार्थ्यांच्या किती पिढ्यांना प्रकाश शिकवला, पण त्या एका प्रश्नाचं उत्तर काही त्याला पुस्तकात सापडलं नाही.

जानेवारीत इकडे पहाटे धुकं उतरतं. रविवारी आम्ही त्या धुक्यात मुद्दाम निघायचो, शेतांमागच्या अरुंद रस्त्यानं. शेजारी शेजारी चालवायचो. रस्त्याच्या मधल्या अंगाला तो, कडेला मी. त्याचा दिवा जरा खाली झुकवलेला असायचा, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून. दोन दिवे एका ओळीत दिसले की समोरच्याला वाटायचं जीप येतेय. टेम्पोवाले आदबीनं बाजूला व्हायचे आणि धुक्यातून दोन म्हातारी माणसं पायडल मारत बाहेर आली की तोंड वासून बघत राहायचे. दादा गालातल्या गालात हसायचा. "एकट्यानं गेलो तर हाकलतील, नीला. दोघं आहोत तोवर जीप." सिग्नललाही तो पाय टेकायचा नाही, जागच्या जागी डुलत उभा राहायचा. त्याचा पाय जमिनीला लागायचा तो फक्त माझ्या फाटकाशी.

तो गेला त्या संध्याकाळी वहिनींनी समई काढली नाही. म्हणाल्या, "तेलाचा नको. सासूबाईंनी जन्मभर सोसलं ते मला नको. त्यांचा सायकलचा ठेवा." मी निमूटपणे तो हँडलवरून सोडवला, सर्वांत बारीक करून लावला आणि त्याच्या खाटेच्या जागी दक्षिणेला तोंड करून ठेवला. खाली कणीक पसरली, वर वेताची टोपली पालथी घातली. दहाव्याला टोपली उचलून कणकेत कुणाचं पाऊल उमटलंय ते बघतात, म्हणजे गेलेला कुठल्या जन्माला गेला ते कळतं, अशी समजूत. वेताच्या फटींतून उजेड बाहेर पडला आणि भिंतींवर, छतावर, आमच्या चेहऱ्यांवर त्याचे ठिपके पसरले. मला लगेच हिशेब सुचला. सेल केवढा, दिवा किती खातो… बारीक केला तरी दहा दिवस काही निघणार नव्हते. मी म्हटलं, रोज थोडा वेळ चार्जिंगची वायर लावू या. वहिनी एकदम म्हणाल्या, "वायर नाही लावायची, नीलाताई. वायर लावलेल्या दिव्यानं ते इथेच बांधले जातील. उजेड द्यायचा, दोरी नाही." त्यांनी टोपलीला कुणाला हातही लावू दिला नाही. रोज सकाळी मी तिथे पोचले की माझा हळदीच्या वाटीचा दिवा हँडलवरून सोडवून पिशवीत टाकायची आणि आत न्यायची. तो विझायला लागला की वहिनींची नजर चुकवून बदलीन, असा बेत होता. माझा विश्वास नव्हता, पण वहिनींचा होता, आणि मावशीचा तो प्रश्न आता त्यांच्या तोंडी आलेला मला ऐकायचा नव्हता.

दिवा विझायला लागलाच नाही. भिंतीवरचे ठिपके पहिल्या दिवशी होते तसेच राहिले. हिशेब चुकू शकतो. माझे चुकतातही, दादाचे चुकत नसत. आणि एका पहाटे भलतंच घडलं. मावसबहिणीला काही दहा दिवसांचं सुतक नसतं, त्यामुळे त्या घरचा सकाळचा चहा माझ्याकडे होता. थर्मास पिशवीत घालून मी त्याच शेतांमागच्या रस्त्यानं निघाले होते. दाट धुकं आणि हँडलवर एकटा माझा दिवा. समोरून भाजीचा टेम्पो आला, लांबूनच थबकला आणि पार कच्च्यात उतरला. मी जवळून जायला लागले तशी ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "अरे मैडमजी, आप अकेली? मैं तो जीप समझ के नीचे उतर गया. दो बत्ती थी ना?" मी म्हटलं, नाही भैया, एकच आहे. तो माझ्यामागे धुक्यात बघत राहिला. "दो थी. सड़क की तरफ वाली ज़रा नीची थी." मी पाय टेकला नाही. का कोण जाणे, त्या क्षणी पाय टेकू नये असं वाटलं. कडेकडेनं, दुसऱ्या कुणाला जागा सोडल्यासारखी चालवत मी प्रताप नगर गाठलं. उजवीकडे एकदाही पाहिलं नाही. भीती वाटली होती, सरळच सांगते. पण त्याहूनही जास्त भीती ही वाटली होती की पाहिलं आणि तिथे कुणी नसलं तर?

दहाव्याला आम्ही तिघी खोलीत होतो. वहिनींनी टोपली उचलली. दिवा लागलेला होता. खाली कणीक पसरली होती तशीच होती, बोटभरही हललेली नाही. पाऊल नाही, पंजा नाही, पक्ष्याची नखं नाहीत, काहीच नाही. ईशा वाकून बघत राहिली. "आई, यात तर… कुछ भी नहीं है." आपले बाबा कुठेच पोचले नाहीत असं त्या पोरीला वाटलं असावं. वहिनी कितीतरी वेळ कणकेकडे पाहत होत्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि डोळ्यांतून पाणीही. "नसणारच गं. सायकलवरून गेलेत ते. पाय कुठे टेकतात?" त्या दिवसांत पहिल्यांदाच आम्ही तिघी हसलो आणि मग मोकळेपणानं रडलो. तेव्हा मी टेम्पोवाल्याची हकीकत सांगितली. वहिनींना जराही नवल वाटलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "खाली झुकलेला होता म्हणाला ना? मग त्यांना वाट दिसतेय." मी दिव्याचं बटण बंद केलं. तो त्याच्या खोडीप्रमाणे हळूहळू निवत गेला, आणि त्यानंतर पुन्हा कधी लागला नाही. चार्ज करून पाहिला, तार तपासली, सेल बदलायला म्हणून उघडायलाही घेतला… आणि तसाच ठेवून दिला. वहिनी म्हणाल्या, "तुमच्याकडेच राहू दे. मी रोज त्याच्याकडे बघत बसेन, आणि ते बरं नाही."

आता माझ्या हँडलवर दोन्ही वाट्या आहेत. कडेच्या बाजूला हळदीची, जळणारी. मधल्या बाजूला मोहरीची, मेलेली. रोज संध्याकाळी मी फाटकाशी येते, सायकल भिंतीला टेकवते, माझा दिवा बंद करते. तो मंद होत होत निवतो. गल्लीत मिट्ट काळोख होतो आणि मी कुलपाशी झटापट सुरू करते. आणि मग मला कुलपाचं भोक दिसतं. फार नाही, किल्ली बसेल एवढंच. उजेड मागून येतो, जरासा खालून, कुणीतरी हँडल वळवून धरल्यासारखा. शेजारच्या खिडकीतून येत असेल, डोळ्यांना काळोखाची सवय होत असेल… कारणं मला खूप सुचतात, जन्मभर तेच तर केलं. पण मी मागे वळून नमुना घेत नाही. मध्यंतरी वहिनींना हे बोलले, तर त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "नीलाताई, त्यांना थांबवून धरू नका. लांब जायचंय त्यांना. तुम्ही निरोप देत होता तसा द्या." त्यांचं खरं आहे. वायर नको म्हणणाऱ्या बाईनं ते धैर्य केव्हाच दाखवलंय. उरले आहे ती मी. कुलूप उघडतं. मी आत जाते, गरजेपेक्षा जरा रेंगाळतच. मग व्हरांड्याचं बटण दाबते आणि तिथूनच, बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, "पोचले रे दादा."

पुढचे दोन शब्द अजून म्हटलेले नाहीत.