घर मिळालेल्या मुली

आमच्या अनाथालयात मुलीला 'घर मिळालं' असं म्हणत. ज्या दिवशी कुणाला घर मिळायचं त्या दिवशी दुपारी सगळ्यांच्या ताटात शिरा पडायचा. एक मुलगी कमी झाल्याचा आनंद असा गोड करून साजरा व्हायचा. कुठे गेली, कुणाकडे गेली, हे आम्ही विचारत नसू. आम्हाला शिऱ्याशी मतलब.

वाकोल्यात चर्चच्या मागे ती बसकी इमारत होती. मी तिथे आले तेव्हा आई-वडील दोघंही गेले होते, पण काका होता. परळच्या चाळीतली आमची खोली होती आणि गिरणीत वडिलांच्या जागेवर काकाच लागला होता. त्या खोलीत त्याचा सगळा संसार मावत होता, मी तेवढी मावत नव्हते. मला सोडताना तो अनाथालय चालवणाऱ्या मदरसमोर रडला. चांगला घळाघळा रडला. मदरने त्याला पाणी दिलं. गणपतीला न्यायला येतो, असं मला सांगून तो गेला तो गेलाच. रडणाऱ्या पुरुषांवरचा माझा विश्वास तेव्हा उडाला, तो आजवर परत आलेला नाही.

थोड्याच दिवसांत माझ्या डोक्यावर पाणी घालून मला नवं नाव दिलं. त्याचं मला वाईट वाटलं नाही. जुन्या नावाने हाक मारणारं तसंही कुणी उरलं नव्हतं.

रविवारी चर्चमधली मिसा, म्हणजे प्रार्थना, आटोपली की माणसं मुली बघायला यायची. आम्हाला तेल लावून, घट्ट वेण्या घालून व्हरांड्यात उंचीप्रमाणे उभं करत. एक बाई मुलींचे दात बघायची. दुसरीने माझा दंड दाबून पाहिला. बाजारात वांगं निवडणारी बाईसुद्धा जरा हलक्या हाताने दाबते. एका गृहस्थाने मदरला इंग्रजीत विचारलं, ही खाते किती? त्याला वाटलं आम्हाला कळत नाही. ज्यांना मूल नव्हतं ते लोक पाळण्यातलं बाळ मागायचे, तेही गोरं. नऊ-दहा वर्षांची मुलगी मागायचे ते घरात मुलंबाळं असणारे. दोन मुलगे असलेल्या बाईला आयती वाढलेली मुलगी कशाला हवी, हे कुठल्याही गाढवाला कळलं असतं. मदरला कळत नव्हतं, कारण कळून घेतलं असतं तर व्हरांडा रिकामा कसा झाला असता?

मला घर मिळालं ते मालाडला. गावठाणातलं जुनं कौलारू घर, पुढे विहीर, मागे चिंच. नवरा एका कंपनीत कारकून होता. सज्जन म्हणून त्याची ख्याती होती, म्हणजे तो काही बोलत नसे. बाई मात्र बोलायची. तिला मी 'मम्मी' म्हणायचं ठरलं. बाहेरच्यांसमोर मी 'आमची मुलगी' होते. दार लागलं की 'ए पोरी'. सकाळी विहिरीचं पाणी भरायचं, भांडी, कपडे, मासळी साफ करायची, दुपारी बाईचे पाय दाबायचे. तिच्या मुलांची दप्तरं मी भरायची आणि ती शाळेत गेली की त्यांच्या अंथरुणांच्या घड्या घालायची. माझी शाळा पुढच्या जूनमध्ये सुरू होणार होती. जून आला, मुलांच्या नव्या वह्यांना कव्हरं मीच घातली, आणि माझी शाळा परत पुढच्या जूनवर गेली.

एकदा अनाथालयातून सिस्टर पाहायला आली. आदल्या दिवशी मला बाईच्या भाचीचा फ्रॉक मिळाला. मी सुखात आहे, एवढंच बोलायचं, असं बजावलेलं होतं. सिस्टरने माझा हात हातात घेतला. सुरमई, बोंबील, कोळंबी साफ करून त्या हाताला भेगा पडल्या होत्या, एक बोट पिकलं होतं. तिने ते बोट पाहिलं. मग हात सोडून दिला आणि बाईने पुढे केलेल्या केकचा तुकडा उचलला. जाताना उरलेला केक फडक्यात बांधून घेऊन गेली. त्या बाईचा मला मम्मीपेक्षा जास्त राग आला. मम्मीने निदान कधी मला पाहिलंच नव्हतं. हिने पाहिलं होतं.

पुढे चर्चचा सण आला. प्रवचनात फादरने परोपकारावर बोलता बोलता या नवरा-बायकोचं उदाहरण दिलं आणि आम्हा तिघांना पुढे बोलावलं. बाईने डोक्यावर ओढणी सारखी केली. नवरा बुटांकडे बघत उभा राहिला. फादर भला माणूस असावा, निदान त्याचा आवाज तरी भला होता. त्याने वाकून मला विचारलं, बाळ, तू रोज देवाकडे काय मागतेस?

मी म्हटलं, "मला शाळेत कधी घालणार ते विचारते."

कुणी हसलं नाही. फादरने माझ्या डोक्यावर हात ठेवला, बाईकडे एकदा पाहिलं आणि गाणाऱ्यांना खूण केली. घरी गेल्यावर बाईने मला मारलं नाही. ती मारणाऱ्यातली नव्हती. तिने मला माझा जुना फ्रॉक घालायला लावला आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याबरोबर वाकोल्याला परत पाठवलं. मुलगी हट्टी आहे, घरात रुळत नाही, असं त्याने मदरला सांगितलं. त्याच्या तोंडून मी ऐकलेलं ते सगळ्यात लांब वाक्य. मदर मला म्हणाली की चांगल्या घराची मी वाट लावली. आणि मग, पंधरवडा उलटायच्या आत, त्याच घरी दुसरी मुलगी पाठवली. माझ्याहून लहान, सात-आठ वर्षांची. न बोलणारी. त्या दिवशीही शिरा होता. मी तो खाल्ला नाही, पण उपयोग काय? शेजारच्या मुलीने खाल्ला.

माझं पुढे ठीक झालं. फादरने मदरला काहीतरी सुनावलं असावं, कारण मला शाळेत घातलं. मॅट्रिक झाले, नर्सिंग केलं, अंधेरीच्या एका इस्पितळात नोकरी केली. लग्न केलं नाही. मुलुंडला माझं स्वतःचं घर आहे. ते मला कुणी 'मिळवून' दिलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी अनाथालयाने जुन्या मुलींचा मेळावा घेतला. मदर कधीच वारली होती. तिच्या फोटोला हार होता. मी गेले ते निव्वळ बघायला, की ही माणसं आता काय सोंग आणतात. पहिल्या रांगेत व्हीलचेअरवर मम्मी बसली होती. वाळून एवढीशी झालेली. मागे साठीची एक बाई उभी होती, तिच्या तोंडाला रुमाल लावत होती. ती दुसरी मुलगी. मी तिला डोळ्यांवरून ओळखलं.

मम्मीला शाल घातली. सूत्रसंचालन करणाऱ्या तरुण पोराने माइकवर सांगितलं की या माऊलीने दोन अनाथ मुलींना आपल्या घराची सावली दिली. दोन! म्हणजे मीही तिच्या पुण्यात जमा होते. टाळ्या थांबल्यावर मी जागेवरूनच उभी राहिले आणि म्हटलं, "त्यातली एक मी. मी त्या घरात कामाला होते, आणि नंतर मला परत केलं."

पोरगं गोंधळलं. मग त्याने सगळ्यांना चहाला बोलावलं. अडचणीचं काही निघालं की चहा, हे अनाथालयात बदललेलं नव्हतं.

चहाच्या वेळी ती दुसरी माझ्याजवळ आली. मी तिला सरळ विचारलं की इतकी वर्षं तू तिथे काय करते आहेस. गावठाणातलं घर बिल्डरला गेलं होतं, त्या जागी टॉवर झाला होता. अकराव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला होता आणि ही अजून हॉलमध्ये गादी घालून झोपत होती. एक मुलगा दुबईला, एक कॅनडाला. नवरा गेलेला. म्हातारीचं न्हाणं, खाणं, औषधं, सगळं हिच्याकडे. मला तिची कीव आली असं म्हणणं बरं दिसेल, पण खरं सांगायचं तर मला तिचा तिटकारा आला. म्हटलं, "तुला तोंड नाही का गं?"

ती म्हणाली, "तू बोललीस म्हणून तुला परत पाठवलं. मदरने मला येताना तेच सांगितलं होतं."

सात वर्षांच्या मुलीला घरी पाठवताना मदरने हा आशीर्वाद दिला होता. फोटोवरचा तो हार उतरवावा असं मला वाटलं, पण व्हरांड्यात फार गर्दी होती.

त्यानंतर आम्ही फोनवर बोलू लागलो. गेल्या वर्षी म्हातारी गेली. मी मालाडला गेले ते तिच्यासाठी नाही, हिच्यासाठी. दोन्ही मुलगे आले होते. अंत्यविधीला थोरल्याने चर्चमध्ये भाषण केलं आणि 'आमची बहीण' असा हिचा उल्लेख केला. माझ्या काकासारखा तोही रडला. सातव्या दिवसाची मिसा झाली, पाहुणे गेले, तसा तो सोफ्यावर बसून हिला म्हणाला की फ्लॅट विकायचा आहे, तेव्हा तुझी काय सोय करायची ते सांग, एखाद्या चांगल्या आश्रमात सिस्टर लोक बघतील. म्हणजे ही साठीची बाई परत अनाथालयात. मी तोंड उघडणार, एवढ्यात तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"मी जात नाही," ती म्हणाली.

आवाज अगदी साधा होता. थोरल्याला वाटलं तिला समजलं नाही. त्याने परत समजावलं. तिने परत तेच सांगितलं, आणि उठून बेडरूममधल्या म्हातारीच्या पलंगावरची चादर काढून धुवायला टाकली, आपली गादी उचलून त्या पलंगावर घातली. धाकटा म्हणाला, पोलीस बोलावू. मी म्हटलं, जरूर बोलाव, आणि फादरलाही बोलाव, म्हणजे आठवड्यापूर्वी बहीण कोण होती ते त्यालाच विचारता येईल. त्यांनी कुणालाच बोलावलं नाही. असल्या माणसांना पैशापेक्षा चर्चच्या पायऱ्यांवरची बोलणी जास्त लागतात. सुट्टी संपली तसे दोघं आपापल्या विमानाने गेले. वकिलाची नोटीस पाठवू म्हणून गेले. वकील तिनेही केला आहे, माझ्या ओळखीचा, घाटकोपरचा, आणि तो चांगलाच खडूस आहे.

ती अजून तिथेच राहते. सकाळी उशिरा उठते. मासळी साफ करून देणाऱ्या कोळणीकडूनच घेते, स्वतः हात लावत नाही. मागच्या आठवड्यात मी गेले तेव्हा तिने खिडकीला नवे पडदे लावले होते, भडक केशरी, मला मुळीच न आवडणारे. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, "तुझ्या घरी लावू नकोस."