केसांतला सोन्याचा कीस

“केस सोड.”

शेठनी फरशीवर पांढरा कागद पसरला होता. चांदीच्या करंड्याच्या झाकणावर मी सोन्याच्या तारेची वेल बसवली होती. तिच्यातली बोटभर तार गायब होती. कारखान्यात आम्ही तिघंच. शेठ, त्यांचा पुतण्या आणि मी.

पुतण्याला कुणी काही विचारलं नाही. आम्ही बौद्ध, हे शेठना पहिल्याच दिवशी माझ्या आडनावावरून कळलं होतं.

“बोल की. इंग्लिश मीडियमची ना तू? येस का नो, येवढं तरी सांग.”

पुतण्या हसला.

नाही म्हटलं तर? पोलिसांना बोलावतील. केडगावात आमच्या घरापर्यंत येतील. मी पिना काढल्या. वाकले. केस झटकले.

कागदावर सोन्याचा कीस पडला. चार-पाच कण.

“बघ,” शेठ म्हणाले. “तुमच्यात सोनं बघितलंय का कुणी कवा?”

सोनं कानसलं की कीस सगळ्यांच्याच अंगावर बसतो. शेठच्या भुवईतही चमकत होता. कागदावर मात्र फक्त माझा.

मी सरळ उभी राहिले. झाकण भिंगाखाली धरलं. तार ज्या चरात बसते तो तोंडाशी अरुंद, तळाशी रुंद लागतो. मग ठोकलेली तार आत पसरते आणि अडकते. या चराच्या कडा सरळ उभ्या होत्या. चर पुतण्या कोरायचा. तार बसवतानाच मला ते दिसलं होतं. मालकाच्या पुतण्याला कसं सांगायचं, म्हणून गप्प बसले होते.

“चर चुकलाय. तार पॉलिश करताना निघाली असेल. मशीनच्या धुळीत बघा.”

“कोरला कुणी?”

“यांनी.” मी पुतण्याकडे बोट केलं.

धुळीच्या पेटीत तार सापडली. वाकडी झालेली. शेठनी ती डबीत टाकली.

“मिटलं. पण तू रोज जाताना केस झटकत जा. आपलं बरं असतंय.”

“सगळ्यांनी?”

“तुला सांगतोय ना मी.”

“मग नाही.”

“काम जाईल हां.”

“जाऊ दे.”

मी पिना उचलल्या, केस बांधले आणि निघाले. मी दुसऱ्या कारखान्यात हेच काम मागेन. चुकीचा चर दिसला तर तिथल्या तिथे सांगेन, कोरणारा कुणाचाही पुतण्या असो. आणि झडती घ्यायचीच असेल, तर आधी मालकाने वाकावं. मी एकटी वाकणार नाही.