बुचर शॉपच्या वरच्या दोन खोल्या

"हे पान गावातल्या कोणालाही दे. पाच मिनिटांत तो तुला तिचं घर दाखवेल," मारियाना म्हणाली.

२०२१चा फेब्रुवारी. लॉकडाऊन होता, घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायची बंदी. मी आयर्लंडमध्ये, कॉर्क शहरातल्या आमच्या बॉक्सरूममध्ये, म्हणजे घरातल्या सगळ्यात छोट्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून बसलेली. मारियाना मेयो जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात, तिच्या स्वयंपाकघरात. मंगळवार होता आणि रिपोर्ट शुक्रवारी द्यायचा होता.

मी युनिव्हर्सिटीत सोशल रिसर्चर. मेयोमधल्या तीन गावांतली रोमा कुटुंबं कसल्या घरांत राहतात, यावर आमचा रिपोर्ट होता. रोमा म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी उत्तर हिंदुस्थानातून युरोपात गेलेले लोक. इथले बहुतेक रोमानियातून आलेले. मारियाना स्वतः रोमा. आमच्या भाषेत ती पिअर रिसर्चर, म्हणजे ज्यांचा अभ्यास करायचा त्यांच्यातलीच, तासावर घेतलेली. सगळ्या मुलाखती तिने फोनवर घेतल्या. मी त्यांचं विश्लेषण केलं.

पहिल्याच कॉलवर मी लाडात येऊन तिला म्हटलं होतं, "आपण मूळचे एकाच देशातले गं."

"असं? तुला इथे घर भाड्याने मिळायला किती दिवस लागले?"

"तीन आठवडे."

"मला चौदा महिने," ती म्हणाली, आणि कामाला लागली. पुन्हा मी तो विषय काढला नाही.

तर, ते पान. एका बाईचं बोलणं मी तिथे जसंच्या तसं दिलं होतं. तिला आपण एलेना म्हणू. "बुचर शॉपच्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही नऊजण. भिंतींना बुरशी. मालकाला सांगितलं तर म्हणाला, आवडत नसेल तर जा." नाव मी बदललं होतं. त्याला अॅनोनिमाइज करणं म्हणतात. काय जिवंत कोट आहे म्हणून मी त्यावर बेहद्द खूश होते.

"गावात बुचर दोन," मारियाना म्हणाली. "एकाच्या वर ब्यूटी पार्लर आहे."

कपाळ माझं. नाव झाकलं आणि पत्ता छापला. ट्रेनिंगमध्ये दुसऱ्यांना हेच शिकवणारी मी.

मी आमच्या प्रोफेसरांना, डेक्लनला, कॉलवर घेतलं. माणूस भला, पण शुक्रवार डोक्यावर बसलेला.

"तिने कन्सेंट फॉर्मवर सही केलीय ना? मग वुई आर ग्रँड, काही अडचण नाही," तो म्हणाला. "आणि लॉकडाऊनमध्ये कोणाला घराबाहेर काढताही येत नाही."

"लॉकडाऊन उठल्यावर?" मारियानाने विचारलं. "आणि सही तिने तुमचा फॉर्म वाचून नाही केली. मी विचारलं म्हणून केली. घर गेलं तर तिला या गावात दुसरं मिळणार नाही. ती माझ्या दारात येईल, तुमच्या नाही."

तासावर काम करणारी बाई प्रोफेसरला हे ऐकवत होती, आवाज जराही न चढवता. पुढच्या प्रोजेक्टला हाच माणूस तिला बोलावणार होता, किंवा नव्हता. माझं कॉन्ट्रॅक्टही त्याच्याच हातात, म्हणून मी मुकाट्याने बसले होते. खोटं कशाला बोलू?

डेक्लनने ते पान पुन्हा उघडून वाचलं. मग म्हणाला, "बरोबर आहे तुझं."

आता मला कंठ फुटला. "मी तो कोट काढूनच टाकते."

"परत तूच ठरवणार?" मारियाना म्हणाली. "तिला विचार की."

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. मारियानाने एलेनाला व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज केला, सगळं पान तिच्या भाषेत वाचून दाखवलं. तासाभराने उत्तर आलं. मारियाना ऐकत होती, मध्येच हसली.

"ती म्हणते, काढू नका. बुचर काढा, नऊ काढा, पण बुरशी राहू द्या. आणि एकीचं बोलणं म्हणून लिहू नका, सगळ्यांचं म्हणून लिहा. सगळ्यांना विचारा, सगळ्यांच्याच भिंती तशा आहेत."

मी चाट पडले. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने माझं एडिटिंग केलं होतं, आणि माझ्यापेक्षा चांगलं.

डेक्लनने फंड देणाऱ्यांकडून एक आठवडा मागून घेतला. मारियानाने तिन्ही गावांतल्या प्रत्येक घरी पुन्हा फोन केला. एकदोन घरं सोडली तर सगळ्यांकडे बुरशी, आणि कशाचीही तक्रार केली तरी मालकाचं उत्तर सगळीकडे जवळपास तेच. सगळ्यांनी हो म्हटल्यावर आम्ही छापलं: "भिंतींना बुरशी आहे. मालक सांगतात, आवडत नसेल तर जा. आम्ही सगळ्यांनी हे ऐकलंय." रिपोर्टमधलं सगळ्यात वजनदार वाक्य तेच ठरलं, आणि ते कोणा एकीचं म्हणून ओळखता येईना.

शेवटी लेखकांची नावं आली. डेक्लन म्हणाला, मारियानाचं नाव पहिलं घालू. मनापासून म्हणाला.

"घालू नका," ती म्हणाली. "रिसर्च करणारी रोमा बाई मेयोत मी एकटीच. नाव दिसलं की गाव कळेल, गाव कळलं की मालक आपापल्या भाडेकरूंवर डोळा ठेवतील."

"अगं, पण काम तुझं आहे," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "मला माहितीये."

एलेना त्याच खोल्यांत राहिली. निर्बंध उठले, तरी तिला कोणी काही विचारलं नाही. भिंतीवरची बुरशीही तिथेच राहिली, हेही सांगायला हवं.

रिपोर्टवर माझं नाव पहिलं आहे. परवा एका इंटरव्ह्यूत विचारलं, कामात कधी एथिक्सचा पेच आला होता का? मी ही सगळी हकिकत सांगितली, मारियानाचं नाव न घेता. पॅनल फार प्रभावित झालं. नोकरी मला मिळाली.